गॅरेजमधली उन्हाळी चाकं

रुआपेहू पर्वतावरच्या बर्फात जायचं म्हणून मी गाडीला हिवाळी चाकं लावली आणि उन्हाळी चाकं गॅरेजमध्ये एकावर एक रचून ठेवली. पण नव्या चाकांतले हवेचा दाब सांगणारे सेन्सर काही गाडीला सापडेनात.

"चाक फिरल्याशिवाय सेन्सर जागाच होत नाही," मी मैत्रेयीला, माझ्या बायकोला, समजावत होतो. तेवढ्यात गाडीच्या स्क्रीनवर चारही आकडे उमटले.

"पण गाडी हललीये कुठे?" ती म्हणाली. तिने नव्या चाकांखाली ठेवलेली लिंबं अजून अख्खी होती.

मला गंमत वाटली. सेन्सरचे नंबर पाहिले, तर ते उन्हाळी चाकांचे निघाले. आणि आकडे हळूहळू चढत होते, लांबच्या रस्त्यावर टायर तापले की चढतात तसे.

गॅरेज उघडलं. चाकं रचली होती तशीच होती. गारठ्याने बोटं आखडत होती, पण वरचा टायर हाताला गरम लागला.

मैत्रेयीने टायरच्या खाचेत बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर मळका, वितळता बर्फ होता. आमच्या हॅमिल्टनमध्ये बर्फ पडत नाही.

"आपण उद्या जाणार आहोत ना रे?" तिने विचारलं.