मथुराबाईंच्या नावचा पट्टा

गिरगावातलं घर त्रिंबकचं होतं, पण त्याखालची जमीन शेटची, भाडेपट्ट्याची. अठराशे शहाण्णव साली पट्ट्याची मुदत सरली आणि ती वाढवून मिळावी म्हणून त्रिंबकने शेटच्या पेढीवर जाऊन जाऊन चपला झिजवल्या. शेवटी एक दिवस तो म्हाताऱ्या आईलाच सोबत घेऊन गेला. कमरेत वाकलेल्या मथुराबाईंकडे पाहून शेट हसला आणि त्याने सही केली. म्हातारी जिवंत आहे तोवर पट्टा चालू, एवढीच अट.

त्या दिवसापासून मथुराबाईंचे लाड सुरू झाले. सून दोन्ही वेळा दुधाचा पेला हातात देई, मुलाने तर त्यांना एकादशीसुद्धा मोडायला लावली. सवयीने त्या “देवा, ने रे आता” म्हणाल्या की दोघंही दचकत.

“कागदावर तुझं नाव आहे, आई. आता तुला जाता यायचं नाही,” त्रिंबक बजावी.

पुढच्या माघात प्लेगने आठ दिवसांत मुलगा नेला, पाठोपाठ सूनही नेली. मथुराबाईंना साधी कणकणसुद्धा आली नाही.

तेरावं उरकलं तशा त्या काठी टेकत पेढीवर गेल्या. त्यांना पाहून शेट ओशाळला.

“घाबरू नका, आई. तुम्ही आहात तोवर घर तुमचंच.”

त्यांनी पदराआडचा कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

 

“यातलं माझं नाव तेवढं खोडा, शेट. मला सुटू द्या.”