शुक्रवारचा चौक

हेम्दाने टाचा उंचावून रस्त्यापलीकडे पाहिलं, तर सआद्या दिसेना.

आत्ता तर होता. पलीकडच्या फुटपाथवर, सरकारच्या बाजूने जमलेल्या माणसांत, बसथांब्याच्या खांबाला टेकून. हातात झेंडा. झेंडा हेम्दाच्याही हातात होता, तोच. इस्राएलमधल्या रेहोवोत शहराच्या या चौकात शुक्रवारी दुपारी दोन्ही फुटपाथांवर एकच झेंडा फडकायचा, आणि मधून जाणारे गाडीवाले आपल्याला पटेल त्या बाजूसाठी हॉर्न वाजवायचे.

नवराबायको यायचे एकाच गाडीतून. हेम्दाच्या बाजूच्या गल्लीत गाडी लावायची, मग तो पलीकडे, ती अलीकडे. जेवताना या विषयावर बोलायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं. एरवी बोलणं व्हायचंच. ती म्हणायची, न्यायाधीशांचे हात बांधले तर उद्या सरकारला अडवणार कोण? तो म्हणायचा, त्या न्यायाधीशांत आमच्या येमेनी ज्यूंच्या आळीतला एक तरी दाखव, मग येतो तुझ्या बाजूला. नातवाला सैन्याने पुन्हा बोलावून घेतलं होतं. त्याची काळजी मात्र दोघं मिळून करायचे.

आज गर्दी नेहमीपेक्षा मोठी होती. न्यायाधीशांचे अधिकार कमी करणाऱ्या कायद्यावर सोमवारी संसदेत मतदान. पोलिसांनी दुभाजकावर लोखंडी कठडे लावलेले आणि दोन्हीकडचे आवाज चढलेले. त्या गोंगाटात हेम्दाला दिसलं, की खांबापाशी माणसं वाकून खाली बघताहेत.

ती सरळ रस्त्यात उतरली. कठड्याशी पोलीसबाईने अडवलं तेव्हा, माझा नवरा पडलाय तिकडे, एवढंच म्हणाली आणि फटीतून पलीकडे गेली. मागून तिच्या माणसांनी हाका मारल्या. समोरच्यांना आधी दिसला तिचा काळा शर्ट, त्याच्यावरची मोठाली अक्षरं आणि काखेत धरलेला फलक. शिट्ट्या सुरू झाल्या. डोक्यावर विणलेली छोटी टोपी घातलेला एक आडदांड माणूस हात पसरून पुढ्यात उभा राहिला.

"आजी, तुमची बाजू तिकडे आहे."

"माझी बाजू ती खाली बसलीय," हेम्दा म्हणाली. "सरक."

त्याने मागे वळून पाहिलं. मग तोच पुढे झाला आणि आपल्याच लोकांना बाजूला सारत तिला वाट करून द्यायला लागला.

सआद्या खांबाशी फतकल मारून बसला होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. साखर उतरली होती. निघायच्या घाईत गोळी घेतली आणि खायचं राहून गेलं, हे हेम्दाला त्याच्याकडे बघताच कळलं. कुणीतरी संत्र्याच्या रसाची बाटली त्याच्या ओठांना लावली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने पिशवी उघडली, रात्रीच्या शब्बाथच्या जेवणासाठी घेतलेला गोड पाव काढला आणि त्याचा मोठा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला.

ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. हेम्दाने काखेतला फलक काढून त्याच्या डोक्यावर आडवा धरला. फलकावर सरकारबद्दल जे लिहिलं होतं, ते त्या फुटपाथवर कुणालाच आवडणारं नव्हतं. भोवतालच्यांनी ते वाचलं. आडदांड माणसानेही वाचलं.

"जरा डावीकडे धरा," तो म्हणाला. "डोळ्यांवर येतंय त्यांच्या."

थोड्या वेळाने गालांवर रंग आला. सआद्याने वर पाहिलं, फलक पाहिला, बायकोला पाहिलं.

"आलीच आहेस, तर आमची एक घोषणा दे."

"आधी पाव संपव."

पोलीसबाई अँब्युलन्स बोलावू का म्हणून विचारून गेली. तो नको म्हणाला. घरी जाऊ आणि वाटेत दवाखान्यात दाखवू, असं हेम्दाने ठरवून टाकलं. पण गाडी होती पलीकडे, आणि त्या गर्दीतून जायला सआद्या तयार होईना. मागच्या रस्त्याने वळसा घालून जाऊ म्हणाला. एवढ्या उन्हात वळसा कसला घालता, म्हणून त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला दटावलं. रुमालवाल्या बाईने उरलेला पाव हेम्दाच्या पिशवीत कोंबला.

आडदांड माणसाने काखेत हात घालून त्याला उठवलं. सआद्याने शर्ट झटकला. छातीवर पक्षाचा बिल्ला होता, तो सरळ केला. हेम्दाने पाहिलं. काढ म्हणाली नाही.

दोघं हळूहळू रस्ता ओलांडून आले. तिच्या माणसांनी आधी बिल्ला पाहिला, मग त्याचा चेहरा, आणि वाट सोडली. एकाने खुर्ची पुढे केली. सआद्याने मान हलवून नको म्हटलं आणि तो चालत राहिला.

गल्लीच्या तोंडाशी ढोलवाल्या पोरांचा घोळका होता. पुढच्या मुलीने या दोघांना येताना पाहून काठ्या हवेतच थांबवल्या. तिचं पाहून बाकीचेही थांबले. एकदम शांत झालं. सआद्या तिच्यासमोर उभा राहिला.

"थांबलीस का, पोरी? वाजव," तो म्हणाला. "मी अजून तुझ्या विरुद्धच आहे."

मुलीने हेम्दाकडे पाहिलं. हेम्दाने मान डोलावली.

ढोल सुरू झाला, आधी जरा दबकत, मग नेहमीसारखा. सआद्याने बायकोचं कोपर धरलं आणि दोघं गल्लीत वळली. त्याचं पाऊल मात्र बरोबर ठोक्यावर पडत होतं.