दिसण्यासारखं

माझ्या बायकोच्या, सदफच्या गाठीची पहिली तपासणी शहरातल्या एका लॅबमध्ये झाली. साधी गाठ आहे, असा रिपोर्ट आला. आम्ही निर्धास्त राहिलो. पुढं मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, तेव्हा वेळ निघून गेली होती. ती गेल्यावर आमची उजमा म्हणाली, "अब्बा, लॅबवाल्यांना जाब विचारू."

मी म्हणालो, "बेटा, तेव्हा दिसण्यासारखं नसंल काही. त्यांचा काय दोष?" मला तसंच मानायचं होतं.

उजमाचा कॉलेजचा ऑनलाइन कोर्स चालू आहे. मायक्रोस्कोप कसा लावायचा, त्यात प्रकाश कसा सोडायचा, ते पॅथॉलॉजीचे सर शिकवतात. काल प्रत्येकानं एक स्लाइड लावून कॅमेऱ्यावर दाखवायची होती. बाकीच्यांनी कांद्याचा पापुद्रा लावला. उजमानं अम्मीच्या गाठीची, त्या पहिल्या लॅबनं दिलेली स्लाइड लावली. मुंबईला नेली होती, पण तिथं कुणी पाहिलीच नव्हती. मी शेजारी बसलो होतो.

"प्रकाश छान सोडलास," सर म्हणाले. "बघा रे, पेशी कशा वेड्यावाकड्या वाढल्यात. हा कॅन्सर आहे. पहिल्या वर्षाचं पोरगंही ओळखेल. कुठून आणलीस ही?"

"जुनी आहे, सर. एका लॅबनं साधी गाठ म्हणून लिहून दिलं होतं."

सर हसले. "मग त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवाच लावला नसेल."

पडद्यावरची सगळी पोरं हसली. उजमा तेवढी माझ्याकडं बघत होती.