हरणाबाईचा होकार

नानासोचा हात हरणाबाईच्या खांद्यावर होता आणि टॅक्सीचा ड्रायव्हर बघत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाला अजून आठवडासुद्धा झाला नव्हता. त्यांच्या दहिवडीकडच्या माळरानात नवरा-बायको एका वाटेनं चालली तरी माणसं वळून बघायची. आणि हा गडी भर महाबळेश्वरात, फिरायला आलेल्या लोकांच्या गर्दीत, तिच्या खांद्यावर हात टाकून खुशाल चालत होता.

मनातून मात्र ते तिला गोड लागत होतं.

नानासो मिलिटरीत ट्रक चालवायचा. एकदा साहेबाला आणि त्याच्या बायकोला जीपमधनं घेऊन तो इथं आला होता. आपलं लग्न झालं की बायकोला असंच मोटारीतून फिरवायचं, हे त्यानं तेव्हाच मनाशी धरलं होतं. म्हणून साताऱ्याहून आख्खी अँबॅसडर ठरवली होती. ड्रायव्हर तात्याबा प्रत्येक पॉइंटाला दार उघडायचा, नानासोला हाताला धरून उतरवायचा. साहेब लोकांना असंच उतरवत असतील, असं हरणाबाईला वाटलं. त्याचा काळा चष्मा तर मांडवातही उतरला नव्हता. मिलिटरीची ऐट म्हणून तिच्या मैत्रिणी हसल्या होत्या. सासरी आल्यापासून सासू एकसारखी म्हणायची, "माज्या ल्येकाला सांभाळून घे गं." पण नव्या नवरीला हे सगळेच सांगतात. दिवसभर तो पुरुषांच्या बैठकीत, ती चुलीपुढं. भेट व्हायची ती दिवा बारीक केल्यावर.

"काय काय दिसतंय, सांग की," तो जाईल तिथं विचारायचा. तिला हसू यायचं, पण ती सांगत सुटायची. खालचं पाणी, पाण्याकाठची इवली इवली गुरं, उन्हात झळकणारा डोंगराचा कडा. तो मान हलवत ऐकायचा.

मिरगाच्या तोंडावरचे दिवस. दुपार कलली तसं दरीतून धुकं वर आलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग कठडा गेला, मग गाडी.

"आता काय दिसतंय?"

"काईच न्हाई. नुसतं पांढरं. तुमी बी दिसंना."

नानासो मोकळेपणी हसला. "म्हंजी आता आपुन दोगं सारखं. सुरुंग फुटला तवापास्नं मला असंच दिसतंय. फकस्त पांढरं न्हाई, काळं."

तीही हसली. मग तिचं हसू ओठांवरच राहिलं. लग्नापासूनचं एकेक तिच्या ध्यानात यायला लागलं, आणि ती नकळत मागं सरली. नानासोचा हात हवेत तसाच राहिला.

"हरणा?" तो म्हणाला. "का गं?"

तिच्या गप्प राहण्यातून त्याला जे कळायचं ते कळलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुला ठावं न्हवतं?"

"कोण सांगनार मला?"

"तुजा बा. म्हातारीला घिऊन मी सोता गेल्तो त्यांच्याकडं. चष्मा काढून डोळं दावलं. म्हनलं, पोरीला इचारा, तिची मर्जी असंल तरच. चार दिसांनी निरोप आला, पोरगी व्हय म्हनती."

हरणाबाई कठड्याला धरून उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मिलिटरीतला पोरगा हाय, पेन्शन हाय, नशीब काढलंस, एवढंच बाप म्हणाला होता.

तात्याबा हाका मारत आला. धुकं दाटतंय, आता निघायला पाहिजे म्हणाला. नानासो त्याच्या आवाजाकडं वळला.

"तात्याबा, बाईंना आटपाडीला त्यांच्या म्हायेरी सोडायचं. वाटंत मला दहिवडीच्या फाट्यावर उतरवा. घरनं कुनीतरी येईल न्यायला."

घाट उतरला, सातारा मागं पडला. हिरवा ऊस सरला आणि खडकाळ माळ लागला. ती त्याच्याकडं एकटक बघत होती. एवढं बघितलेलं त्याला कळणार नाही, हे ध्यानात आल्यावर तिला रडू फुटलं. ते तिनं पदराच्या बोळ्यात दाबलं. राग तर पोटात मावत नव्हता. पण तो कुणावर काढायचा, हे काही केल्या ठरेना. या माणसानं परक्याच्या अंगणात उभं राहून आपले डोळे उघडे करून दाखवले होते, आणि जन्माच्या बापानं तिच्या तोंडचा शब्द तिला न विचारता देऊन टाकला होता.

दहिवडीचा फाटा आला. तात्याबानं गाडी हळू केली. नानासो दाराची कडी चाचपू लागला.

"थांबू नका," हरणाबाई म्हणाली. "ह्यास्नी बी न्ह्यायचंय."

नानासोचा हात कडीवरच राहिला. आता सासऱ्यापुढं उभं करून ही आपल्याला परत करणार, एवढं तो समजला. त्यानं नाही म्हटलं नाही. चष्मा नीट केला आणि ताठ बसला.

आटपाडीजवळच्या वस्तीवर गाडी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मेंढरं वाड्यात शिरत होती. दारात मोटार बघून तिचा बाप अर्जुना हरखून पुढं आला. जावयाला बघून थबकला, लेकीचं तोंड बघून त्याची मान खाली गेली. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. हरणाबाईनं तो घेतला नाही. गाडीतून खालीही उतरली नाही.

"आबा," ती म्हणाली, "ह्येंनी मला इचारलं हुतं, ते आज मला पोचलं. माजं बी व्हयच हाय. पर ते मी सांगायचं हुतं."

मग ती तात्याबाला म्हणाली, "वळवा गाडी."