शेवटचा तास

शाळा सुटली की मोठ्या वर्गातली पोरं फाटकावर टपून बसत. मुलींच्या वेण्या ओढत, वाट अडवत, अंगचटीला येत. इस्त्रीवालीच्या लेकीची बाही फाटली, तेव्हा आई हातातलं काम टाकून तिला घेऊन थेट हेडमास्तरांसमोर उभी राहिली. सरांनी जागच्या जागी तोड काढली. उद्यापासून मुलींना शेवटच्या तासाआधीच घरी सोडायचं.

"सर, मग त्या पोरांनाच आधी हाकला की," लेक म्हणाली.

"वा गं शहाणे! त्यांचं गणित बुडेल ना," सर हसले. शेवटचा तास गणिताचा होता.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण लेक धड अंगाने घरी येतेय, म्हणून इस्त्रीवालीने वर हातही जोडले.

वर्ष सरलं. पालकसभेत सर खुर्चीत मावत नव्हते. "वर्षभरात एक तक्रार नाही! आता मुलींचं गणितात डोकंच चालत नाही, त्याला शाळा काय करणार? पुढच्या वर्षी त्यांना गणिताऐवजी शिवण देऊ."

इस्त्रीवाली ताडकन उठली. "डोकं चालत नाही? अहो, तुम्ही तिला गणित शिकवलंत कधी?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ताई, ते पुढच्या सभेत बोलू. मुलींच्या आयांनी आता निघा बघू, पोरं सुटायची वेळ झाली. बापमंडळींनी बसा, महत्त्वाचे विषय अजून व्हायचेत."