पाचवं शील

"पुन्हा म्हण," गोदूताई म्हणाली.

डॅनियलनं हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चार शीलं त्याच्या जिभेवर चांगली बसली होती. जीव घेणार नाही, न दिलेलं उचलणार नाही, वाकडं पाऊल टाकणार नाही, खोटं बोलणार नाही. पाचवं आलं, 'सुरामेरय' एवढं तोंडातून निघालं आणि घोडं तिथंच अडलं. नशेपासून दूर राहण्याचं ते शील.

"शब्द फारच लांब आहे," त्याची आई मार्गारेट इंग्रजीत म्हणाली. गोदूताईच्या मुलीनं, श्रद्धानं, ते कोरड्या आवाजात मराठीत सांगितलं.

"अर्थ कळलाय ना त्याला?"

"कळलाय."

"मग शब्दही येईल. म्हणावं, परत कर."

गोदूताईचा मुलगा प्रज्वल आयर्लंडमधल्या ज्या गावी शिकायला गेला होता, त्याच गावची ही मायलेकं. या म्हणून गोदूताईनंच कळवलं होतं. बदलापूरच्या बेलवलीतल्या दोन खोल्यांत तिनं त्यांच्यासाठी आतली खोली रिकामी करून दिली. सकाळी उठून अंघोळ, मग बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. त्यांनाही तिनं तेच करायला लावलं.

"फुलं वाहून मागायचं काय?" मार्गारेटनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काही नाही. ही फुलं संध्याकाळी सुकणार, आपणही असेच सुकणार. एवढं ध्यानात ठेवायचं."

मार्गारेट आयुष्यभर चर्चमध्ये जाणारी बाई. तिचं तेवढ्यानं भागेना. "माणसाच्या हातून चूक झाली तर माफी कुणाकडे मागायची?"

श्रद्धानं हा प्रश्न मराठीत सांगायला जरा वेळच घेतला.

"कुणाकडे नाही," गोदूताई म्हणाली. "वर बसून माफ करणारं कुणी नसतं. केलेलं आपल्यापाशीच राहतं. पुढचं नीट करायचं, बस."

मार्गारेटचा चेहरा उतरला. तिला बहुतेक दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. गोदूताईला तिची कीव आली, पण उत्तर काही तिनं बदललं नाही.

शेजारची बनूबाई रोज डोकवायची. गोरा माणूस मांडी घालून पाली म्हणतोय, याचं तिला भारी कौतुक. "पहिलं शील म्हणताना डोळे कसे घट्ट मिटतो, बघ. भाव आहे पोराचा," ती म्हणाली. "आणि पाचव्याला अडणारच गं. तिकडं दारू पाण्यासारखी पितात म्हणे."

"आता नाही पीत तो," गोदूताई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

शनिवारी ती त्याला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं तर पांढरे कपडे हवेत. सिंधी दुकानदारानं लेंग्या-कुडत्यांचा ढीगच समोर टाकला. "शादी है क्या, माताजी?"

"कार्यक्रम है," गोदूताई म्हणाली. कुडता डॅनियलच्या खांद्यांवर सैल पडत होता. अंगानं वाळलेला, वर्षानुवर्षं ऊन न पाहिल्यासारखा पांढराफटक पोरगा. तिनं एक नंबर लहान मागितला आणि खांद्यापाशी स्वतःच ओढून बसवून पाहिला. डॅनियल मान खाली घालून उभा राहिला.

घरी येताच विहार समितीचे हरिचंद्र दारात. "जयभीम, गोदूताई. पाहुणे म्हणून येऊ दे त्यांना, बसू दे, जेवू दे. पण त्याला पुढं उभं करू नका. एकानं पुढं म्हणायचं आणि सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणायचं, हा आपला मान आहे. लोक उठून जातील हो."

"जातील त्यांना जाऊ दे."

"लोकांना सांगू काय मी?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगेन."

"कधी?"

"तो उभा राहिला की."

हरिचंद्रांनी श्रद्धाकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. ते गेल्यावर ती आईवर उखडली. "पंचशील म्हणायला अख्ख्या बदलापुरात दुसरं कुणी नाही सापडलं तुला?"

"नाही सापडलं."

"मी नाही त्याच्या मागून म्हणणार."

"नको म्हणूस. पण मी काय सांगते ते त्याला नीट सांग. गाळू नकोस काही." गोदूताई डॅनियलच्या समोर बसली. "उद्या अडलास तरी खाली बसायचं नाही. परत पहिल्यापासून धरायचं. शंभर वेळा अडलास तरी मी तिथंच उभी असेन."

श्रद्धानं ते सगळं सांगितलं, काहीही न गाळता. डॅनियलनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. गोदूताईनं थोडा वेळ त्याला तसंच बसू दिलं. मग म्हणाली, "चल, पुन्हा म्हण."

रविवारी विहार पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. मागं खिरीचं पातेलं चढलं होतं. मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहून झाली. हरिचंद्र कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. श्रद्धा दाराशी, चपला घातल्या की लगेच निघता येईल अशी. गोदूताईनं डॅनियलचा हात धरला आणि त्याला सगळ्यांच्या पुढं नेऊन उभं केलं. कुजबुज झाली. बनूबाई कौतुकानं पदर सावरून पुढं सरकली.

गोदूताईनं कुजबुज थांबायची वाट पाहिली.

"जयभीम. दारू पिऊन चालवलेल्या ज्या गाडीखाली माझा प्रज्वल गेला, ती गाडी ह्यानं चालवली होती," ती म्हणाली. "आज पंचशील हा पुढं म्हणेल, आपण त्याच्या मागून म्हणायचं."