दुसरं पान

सर्वपित्रीला बिंदुमाधवांच्या जे. पी. नगरच्या घरी गच्चीवर दोन पानं ठेवायची रीत होती. पहिल्यावर कावळे तुटून पडत. दुसऱ्याला तीन पिढ्यांत एकही शिवला नव्हता. ते पान राघोपंतांचं. पणजोबांचे हे थोरले भाऊ काशीच्या वाटेवर तापाने गेले, असं सगळे सांगत.

"यंदा ते पान स्वल्पच वाढते हं," बायको वसुमती म्हणाली. "मुंगीसुद्धा शिवत नाही त्याला."

कुळाचा इतिहास लिहायला बिंदुमाधवांनी आनेकलच्या चुलत्यांकडून पणजोबांची यात्रेची वही आणली होती. पणजोबांना 'पुण्यवान' लिहूनही झालं होतं. वही उघडली ती आदल्या दिवशी.

'गयेच्या अलीकडे दादास ताप आला. धर्मशाळेत पाणी मागत होते. आणतो म्हणून निघालो, तो परतलो नाही. गयेस त्यांचा पिंड दिला. कावळा शिवला नाही.'

"जित्या भावाचा पिंड!" बिंदुमाधव पुटपुटले. "आणि त्याच्या वाट्याच्या जमिनीवर आम्ही पुण्यवान!"

दुसरं पान त्यांनी स्वतः भरभरून वाढलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली आले.

तासाभराने ते वर गेले. पहिलं पान साफ झालं होतं. कावळे कठड्यावर माना आखडून गप्प बसले होते. दुसऱ्या पानावरचं शीतही हललं नव्हतं.

तांब्या मात्र तिथे नव्हता.

ते वळले. ज्या पायरीवरून ते आत्ताच वर आले होते, तिच्यावर, दाराच्या आत, तांब्या होता. रिकामा. पुन्हा भरून द्या म्हणून ठेवल्यासारखा.